पाळीव पक्ष्याच्या पायातील रिंग त्रास देते किंवा ओळख पटत नाही: तपासणीचा क्रम आणि खुणेची निवड

लक्षणे

रिंग पायात आहे, परंतु तिच्यावरचा क्रमांक वाचता येत नाही. किंवा क्रमांक वाचता येतो, पण तो कोणत्या पक्ष्याचा हे घरातील कोणालाच सांगता येत नाही. पक्षी दांडीवर बसल्या बसल्या रिंग चोचीने ओढत राहतो आणि एक पाय वारंवार वर धरतो. रिंगच्या वरचा किंवा खालचा भाग जाड दिसतो आणि रिंग व कातडी यांच्यामध्ये पांढुरका किंवा तपकिरी थर साचलेला असतो. पिल्लाला घातलेली रिंग दुसऱ्या दिवशी घरट्याच्या मडक्याच्या तळाशी सापडते, क्वचित पिल्लूच मडक्याबाहेर पडलेले आढळते. रिंग जाळीत अडकून पक्षी लोंबकळतो. कातडीखाली स्नायूत बसवायची ओळखीची चिप बसवल्याचा कागद हाती आहे, पण स्कॅनर काहीच दाखवत नाही. उडून गेलेला पक्षी चार गल्ल्या पलीकडे कोणाच्या तरी घरी सापडतो आणि तो आपलाच आहे हे पटवून देता येत नाही.

यांखेरीज पाय थंड पडणे, निळसर-काळा होणे, रक्त येणे, किंवा पक्ष्याने त्या पायावर भारच न देणे यांतील एकही गोष्ट दिसत असेल, तर पुढच्या तपासण्या करीत बसू नये. लेखाच्या शेवटी असलेला "कोठे थांबावे" हा भाग आधी वाचावा.

इतर सर्व तक्रारींत पक्षीपालकाचा पहिला विचार बहुधा पद्धत बदलण्याचा असतो. रिंगचा त्रास झाला की चिप बसवावीशी वाटते, चिप वाचता आली नाही की पुन्हा रिंगच बरी होती असे वाटते. कोल्हापुरातील पक्षीपालकांच्या या तक्रारी गेली अनेक वर्षे सोडवत आल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोष पद्धतीचा क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा चुकलेल्या मापाचा, पिंजऱ्याचा किंवा न ठेवलेल्या नोंदीचा असतो. म्हणून खालील क्रम स्वस्तापासून खर्चिकाकडे आणि सोप्यापासून अवघडाकडे जाणारा ठेवला आहे. एका तपासणीत कारण सापडले तर पुढे जाण्याची गरज उरत नाही.

पहिली तपासणी: वही

पक्ष्याला हात लावण्यापूर्वी नोंदवही उघडावी. वही नसेल, तर निम्मे दुखणे तेथेच आहे. रिंगवरचा क्रमांक ही स्वतः ओळख नव्हे. तो नोंदीकडे नेणारा धागा आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या रंगीत रिंगांच्या पाकिटात १ ते १०० असे आकडे असतात आणि पुढच्या पाकिटातही तेच आकडे असतात, त्यामुळे "२७ नंबरची निळी मादी" राजारामपुरीतही असू शकते आणि कसबा बावड्यातही. ज्या रिंगवर वर्ष, पैदास करणाऱ्याची अक्षरे आणि अनुक्रमांक असे तिन्ही कोरलेले असतात, तीच रिंग एका विशिष्ट पक्ष्याकडे बोट दाखवते.

वहीत प्रत्येक पक्ष्यासमोर रिंगवरचा मजकूर जसाच्या तसा, रिंग उजव्या पायात की डाव्या, जात व रंग, आईबापाचे क्रमांक, अंडे फुटल्याची तारीख, रिंग घातल्याची तारीख आणि पक्षी कोणाकडून आला वा कोणाकडे गेला, एवढे लिहिलेले असावे. पुष्कळ पालक नराला उजव्या व मादीला डाव्या पायात रिंग घालतात. हा संकेत सोयीचा आहे, पण तो सर्वत्र पाळला जातोच असे नाही, म्हणून विकत घेतलेल्या पक्ष्याच्या बाबतीत केवळ रिंगच्या बाजूवरून नर-मादी ठरवू नये.

नोंदीबरोबर छायाचित्रे ठेवावीत: समोरून चेहरा, दोन्ही बाजू, दोन्ही पाय आणि क्रमांक दिसेल असा रिंगचा जवळून घेतलेला फोटो. पिसे झडून नवी आल्यावर हे फोटो पुन्हा काढावे लागतात, कारण कोवळ्या बजीच्या (बजरिगर या लहान पोपटाच्या) कपाळावरचे आडवे पट्टे पहिल्या पिसबदलानंतर मागे सरकतात आणि जुना फोटो पुरावा म्हणून लंगडा पडतो. तुटलेले नख, वाकडे बोट, चोचीवरचा ओरखडा अशा न बदलणाऱ्या खुणा शब्दांतही लिहून ठेवाव्यात.

२०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. अशा वेळी पिंजरे रातोरात नातेवाइकांकडे हलवावे लागतात आणि एकाच खोलीत तीन घरांचे पक्षी एकत्र येतात. हिरव्या बजींच्या अशा घोळक्यात आपला पक्षी कोणता, हे मालकाचे डोळे नव्हे, तर वहीच सांगते. तिचे फोटो काढून फोनमध्येही ठेवावेत, म्हणजे वही भिजली तरी नोंद राहते.

पक्षी हरवल्याचे आवाहन करताना एक काळजी घ्यावी. रिंगचा पूर्ण क्रमांक जाहीर करू नये. शेवटचे दोन आकडे आपल्याकडे राखून ठेवावेत. ज्याला पक्षी सापडला त्याने ते आकडे सांगावेत आणि आपण ते वहीत दाखवावेत, म्हणजे दोन्ही बाजूंची खात्री होते.

दुसरी तपासणी: क्रमांक खरोखरच पुसला आहे का?

पुसलेला म्हणून सांगितलेला क्रमांक बहुतेक वेळा नुसता माखलेला असतो. पावसाळ्यात गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यांतील विष्ठा लवकर वाळत नाही आणि रिंगच्या कोरीव अक्षरांत जाऊन बसते. कॉकटील या तुरेवाल्या लहान पोपटाच्या पिसांतून झडणारी पांढरी पूड पाण्याच्या वाटीत भिजली की तिचा लगदा होतो आणि तोही रिंगवर चिकटतो.

पक्षी पकडण्यासाठी संध्याकाळची मंद प्रकाशाची वेळ बरी, कारण अंधारात तो शांत असतो आणि धडपड कमी करतो. धरताना मान दोन बोटांच्या बेचक्यात सैल ठेवावी आणि छातीभोवती मूठ आवळू नये. माणसासारखे श्वासपटल पक्ष्याला नसते. त्याच्या छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच श्वास आत-बाहेर होतो, म्हणून छाती दाबली गेल्यास नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकू लागला, तर हातातील काम अर्धे असले तरी त्याला लगेच पिंजऱ्यात सोडावे.

कापसाची काडी कोमट पाण्यात भिजवून रिंगच्या बाहेरच्या बाजूने फिरवावी. लिंबू, स्पिरिट, रॉकेल यांपैकी काहीही वापरू नये, कारण रिंगखालची कातडी पातळ असते आणि पक्षी तो पाय लगेच चोचीत घेतो. मग फोनने रिंगचे तीन-चार बाजूंनी फोटो काढून ते मोठे करून पाहावेत. पक्ष्याला जास्त वेळ हातात धरून डोळे ताणण्यापेक्षा हे सोयीचे. गुजरीत सोनारांकडे असते तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर उत्तमच. वाचताना ६ आणि ९, ६८ आणि ८९ यांची अदलाबदल फार होते. रिंगवर अक्षरे असतील तर ती सुलटी येतील अशी दिशा आधी ठरवावी आणि मगच आकडे लिहून घ्यावेत.

तिसरी तपासणी: रिंग फिरते का, सरकते का?

बोथट टोकाच्या दातकोरणीने रिंग हलकेच ढकलून पाहावी. नीट बसलेली रिंग पायाच्या नळीभोवती सहज गोल फिरते, बोटांच्या सांध्यापासून टाचेच्या सांध्यापर्यंत वरखाली सरकते आणि त्या दोन्ही सांध्यांवरून मात्र पुढे जात नाही. या तीन गोष्टींपैकी प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे. रिंग फिरत नसेल, तर आत काहीतरी साचले आहे किंवा पाय सुजला आहे. फिरते पण सरकत नसेल, तर सूज एका बाजूला सुरू होत आहे. टाचेवर चढत असेल, तर ती फार मोठी आहे आणि एखाद्या दिवशी सांध्यावर अडकून बसेल.

रिंगचा आकारही पाहावा. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. मकावच्या चोचीत ते चपटे होते. गोल रिंग अंडाकृती झाली असेल, तर तिचा अरुंद व्यास पायाला कधीही चिमटा घेऊ शकतो. मोठ्या चोचीच्या पक्ष्यांना म्हणूनच स्टेनलेस स्टीलची रिंग वापरतात. फट असलेली उघडी रिंग असेल, तर तिची दोन्ही टोके पूर्ण मिटली आहेत का, हे नख फिरवून पाहावे. नख अडकत असेल, तर जाळीची तार आणि धागाही अडकणार.

चौथी तपासणी: धागा आणि पिंजरा

ही तपासणी फुकट आहे, तरी ती कोणी करीत नाही. रिंग टोचते म्हणून आणलेल्या पक्ष्यांत रिंगचा काहीच दोष नसून तिच्याखाली धागा गुंडाळलेला असणे, हे मी फार वेळा पाहिले आहे. उत्तरेश्वर पेठेतील एका घरच्या कॉकटीलचा पाय रिंगच्या खाली गुलाबी होऊन फुगला होता आणि रिंग कापावी असा घरच्यांचा आग्रह होता. भिंगाखाली पाहिले तेव्हा रिंगच्या कडेला केसाएवढी सोनेरी रेघ दिसली. चिमट्याने तिचे टोक धरून उलट्या दिशेने सोडवत गेल्यावर तागाचा वीतभर लांब तंतू बाहेर आला. पिंजऱ्यावर रात्री टाकायच्या गोणपाटाची कड उसवलेली होती आणि पक्षी दिवसभर ती कुरतडत होता. रिंग तशीच राहिली, गोणपाट तेवढे बदलले.

धागा मोकळा असेल आणि कातडीत रुतलेला नसेल तरच घरी सोडवावा. तो रुतलेला असेल, त्याच्यावर कातडी चढलेली असेल, तर ओढू नये. ओढल्याने वेढा आणखी आवळतो.

यानंतर पिंजऱ्याच्या आतील बाजूने हात फिरवून कापलेल्या तारांची टोके, दाराची स्प्रिंग, खेळणी टांगायचे आकडे आणि किल्लीच्या कड्यांसारख्या कड्या शोधाव्यात. ज्या वस्तूच्या फटीत रिंग शिरू शकते, ती वस्तू पिंजऱ्यात असू नये. एकच पक्षी पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात अडकत असेल, तर रिंग काढण्याआधी तो कोपरा दुरुस्त करावा.

पाचवी तपासणी: माप

येथे व्हर्निअर कॅलिपर लागतो. साधा प्लास्टिकचाही चालतो. हातातील त्याच मापाच्या न वापरलेल्या रिंगचा आतील व्यास मोजावा, कारण पायात असलेल्या रिंगचा आतील व्यास मोजता येत नाही. ढोबळ मापे अशी: झेब्रा फिंच या चिमणीसारख्या लहान पक्ष्याला अडीच ते पावणेतीन मिलिमीटर, बजीला ४ ते ४.२, लव्हबर्डला ४.५, कॉकटीलला ५ ते ५.५, शर्यतीच्या कबुतराला ८ आणि आफ्रिकन ग्रे या करड्या पोपटाला ११ च्या आसपास. पायावर पिसे असलेल्या शौकाच्या कबुतरांना ८ मिलिमीटरची रिंग अपुरी पडते. प्रदर्शनासाठी वाढवलेल्या थोराड बजींचा पायही साध्या बजीपेक्षा जाड असतो, म्हणून अंतिम निर्णय आईबापाच्या पायाची जाडी पाहून करावा.

आपल्याकडे बजीलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, आणि त्यातून मापाचा घोळ होतो: दुकानदाराकडे "लव्हबर्डच्या रिंगा" मागितल्या जातात, त्या ४.५ च्या मिळतात, बजीच्या पिल्लाच्या पायातून त्या गळून पडतात आणि दोष रिंगच्या पद्धतीला दिला जातो. मागणी करताना मिलिमीटरच सांगावेत.

बंद रिंग म्हणजे फट नसलेला अखंड वाळा. तो पिल्लाचा पंजा लहान असतानाच आत सरकवता येतो. मोठ्या पक्ष्याचा पंजा त्यातून जाऊच शकत नाही. पक्षी पिंजऱ्यात जन्मला, रानातून पकडलेला नाही, हे बंद रिंग सांगू शकते ती केवळ या कारणाने. पुढे त्रास नको म्हणून एक माप मोठी रिंग घालणारे पालक म्हणूनच दुहेरी तोटा करून घेतात. अशी रिंग अडकते आणि ती मोठ्या पक्ष्यालाही चढू शकत असल्याने तिचे पुराव्याचे मोलही जाते.

रिंग घालण्याचे वय बजीच्या पिल्लाचे साधारण ६ ते ९ दिवस, कॉकटीलचे ८ ते ११ दिवस, कबुतराचे ६ ते ८ दिवस, तर आफ्रिकन ग्रेचे दोन ते तीन आठवडे धरतात. पोपटवर्गातील पिल्लांची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. तीन लांब बोटे एकत्र पुढे धरून त्यांवरून रिंग सरकवावी आणि मागे दबलेले चौथे लहान बोट दातकोरणीने अलगद सोडवावे. कबुतराला पुढची तीन बोटे एकत्र व मागचे एक नळीला चिकटवून धरावे. रिंग सहज गळून पडली, तर दोन दिवसांनी पुन्हा घालावी. चढत नसेल, तर वेळ गेलेली आहे हे मान्य करून जोर लावू नये.

मडक्यात सापडणाऱ्या रिंगांचे दुसरे कारण आईबाप हे असते. चकचकीत वस्तू त्यांना घाण वाटते आणि ते ती बाहेर टाकू पाहतात, कधी पिल्लासकट. रिंग संध्याकाळी घालावी, तिची चमक काळ्या मार्करने घालवावी किंवा मडक्यातलीच सुकी घाण तिला चोळावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न चुकता पाहावे.

उद्यमनगरात लेथवर रिंगा करून घेणारे पालक आपल्याकडे आहेत आणि काम स्वस्तात व मापात होते, हे खरे. परंतु कापलेल्या नळीच्या आतील कडेला बारीक बर्र (धारदार कड) राहते आणि ती बोटाला जाणवत नसली तरी पक्ष्याच्या कातडीला रोज घासते. अशी रिंग घेताना आतील कडा दोन्ही बाजूंनी गोलावून व घोटून मागावी; कापसाचा बोळा आतून फिरवल्यावर एकही तंतू अडकला, तर ती रिंग परत करावी.

सहावी तपासणी: पायाची कातडी

माप बरोबर, धागा नाही, तरीही रिंग घट्ट होत असेल, तर रिंग तेवढीच राहून पाय जाड झालेला असतो. दोन्ही पायांची तुलना करावी. रिंग नसलेल्या पायावरही खवले उंच, कोरडे व खरखरीत दिसत असतील, तर कारण रिंगमध्ये नाही. केवळ सूर्यफुलाच्या बिया किंवा केवळ राळे खाणाऱ्या पक्ष्यात अ जीवनसत्त्वाची उणीव होते आणि कातडीचा वरचा थर साचत जातो. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांचा रोजच्या खाण्यात समावेश करावा. फरक पडायला मात्र वेळ लागतो आणि आधीच आवळलेल्या रिंगसाठी तो वेळ नसतो.

चोचीच्या कडेला आणि नाकाच्या मांसल भागावर बारीक छिद्रांचा पांढरा खपलीसारखा थर दिसत असेल, तर ते खरजेच्या किड्यांचे लक्षण आहे. बजीमध्ये हा रोग नेहमीचा आहे आणि तो पायांवरही उतरतो. त्यावर औषध आहे, पण ते पक्ष्याच्या वजनावर मोजून पशुवैद्यानेच द्यावयाचे आहे. मेंढ्यांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन घरच्या घरी पातळ करून देण्याची चाल आपल्याकडे आहे. तीस-पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्यात एका थेंबाचा फरकही जिवावर बेतू शकतो.

सातवी तपासणी: चिप

पक्ष्यांच्या चिपमध्ये बॅटरी नसते, मालकाचे नाव नसते आणि ती पक्षी कोठे आहे हेही सांगत नाही. स्कॅनरच्या लहरींनी जागी होऊन ती फक्त एक पंधरा आकडी क्रमांक परत देते. त्यातील पहिले तीन आकडे देशाचे किंवा उत्पादकाचे असतात. प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपा १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात. जुनी किंवा वेगळ्या वारंवारतेची चिप असेल, तर चांगला स्कॅनरही गप्प राहतो.

म्हणून चिप हरवली असे म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, स्कॅनरची बॅटरी. तो आधी दुसऱ्या एखाद्या चिपवर चालवून पाहावा. दुसरी, पक्ष्याला धातूच्या पिंजऱ्याबाहेर काढले आहे का, कारण तारांची जाळी लहरींत अडथळा आणते. तिसरी, पक्ष्यांत चिप सहसा छातीच्या डाव्या स्नायूत बसवतात. तेथून सुरुवात करून स्कॅनर अगदी जवळून, सावकाश, दोन-तीन वेगवेगळ्या कोनांतून संपूर्ण अंगावर फिरवावा. एवढे करूनही क्रमांक न आल्यास एक्स-रेमध्ये चिप दिसते की नाही ते कळते, आणि तो निर्णय पशुवैद्याचा.

पद्धत नव्याने निवडायची असेल तर

वरील सर्व पाहूनही खूण बदलावी लागणार असेल, तर आधी ती खूण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे हे ठरवावे. वीस फिंचमधून एक जोडी लांबून ओळखायची असेल, तर रंगीत प्लास्टिकची रिंग पुरते. ती उन्हाने फिकी पडते व ठिसूळ होते, म्हणून दरवर्षी तपासावी. पोपटवर्गातील पक्ष्यांना ती घालू नये, ते ती चावून तिचे तुकडे करतात. पैदास आणि वंशावळ ठेवायची असेल, तर योग्य मापाच्या बंद रिंगला पर्याय नाही. बंद रिंग न घातलेला मोठा पक्षी आपल्याकडे आला असेल आणि तो लहान जातीचा असेल, तर धातूची उघडी रिंग घालण्यापेक्षा नुसते फोटो व नोंद ठेवणे मला अधिक पसंत आहे. उघड्या रिंगचा पुरावा कमकुवत आणि अडकण्याचा धोका मात्र पूर्ण, असा तो व्यवहार आहे.

चिप मोठ्या पक्ष्यांसाठी. साधारण तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, १२ मिलिमीटर लांब चिप जाड सुईने स्नायूत सोडावी लागते. ८ मिलिमीटरची लहान चिपही मिळते, तरी बजी किंवा फिंच यांच्या छातीत तिला जागा नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा यांच्यासाठी चिप आणि बंद रिंग दोन्ही असणे उत्तम, कारण रिंग डोळ्यांना दिसते आणि कापता येते, चिप दिसत नाही आणि सहजी काढताही येत नाही.

डीएनए चाचणीबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पिसे पाठवून मिळणारे नर-मादीचे प्रमाणपत्र म्हणजे ओळखपत्र नव्हे. त्यावरचा रिंग क्रमांक आपणच पाकिटावर लिहून पाठवलेला असतो. पीस त्याच पक्ष्याचे होते की शेजारच्या, हे प्रयोगशाळेला कळण्याचा मार्ग नसतो.

कायद्याची बाजू येथे थोडक्यात सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारातील (सायटिस) परदेशी जाती त्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. अशा जातींच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले असून नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर करायची असते. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा, कोन्यूर हे पोपट यांत मोडतात. बजी आणि कॉकटील मोडत नाहीत. अर्जातील रिंग किंवा चिपचा क्रमांक आणि पक्ष्याच्या अंगावरचा क्रमांक एका अक्षराने जरी वेगळा असेल, तरी पुढे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते, म्हणून दुसऱ्या तपासणीत वाचलेला क्रमांकच अर्जात लिहावा, विक्रेत्याने तोंडी सांगितलेला लिहू नये. आपला देशी हिरवा पोपट पाळणे हा मात्र गुन्हाच आहे. त्याच्या पायात कोणतीही रिंग घातली तरी तो कायदेशीर होत नाही.

रंकाळा किंवा कळंबा तलावाच्या काठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नाव कोरलेली रिंग असलेला पक्षी जखमी सापडला, तर तो कोणाचाही पाळीव पक्षी नव्हे. ती रिंग स्थलांतराच्या अभ्यासासाठी घातलेली असते. ती काढू नये. क्रमांकाचा फोटो काढून वन विभागाला व त्या संस्थेला कळवावे.

कोठे थांबावे

रिंग अजिबात फिरत नसेल, ती चेपून अंडाकृती झाली असेल, तिच्या खालचा पंजा थंड, निळसर वा काळा असेल, धागा कातडीत रुतला असेल, रक्त येत असेल किंवा पक्षी तो पाय टेकवत नसेल, तर घरी काहीही करू नये. पशुवैद्याकडेच जावे, आणि तेही त्याच दिवशी.

नेलकटर, पक्कड, तार कापायची कात्री किंवा सोनाराची अंगठी कापायची करवत यांनी रिंग काढण्याचे प्रयत्न होतात. गुजरीत किंवा हुपरीत कितीही कुशल हात असले तरी ते माणसाच्या बोटावर चालणारे हत्यार आहे. पक्ष्याच्या पायाचे हाड काडीसारखे असते. कापताना रिंगला जो पीळ बसतो, तो सुजलेल्या पायात थेट हाडावर जातो आणि पाय मोडतो. पस्तीस ग्रॅमच्या बजीच्या अंगात एकूण रक्तच जेमतेम साडेतीन मिलिलिटर असते, त्यामुळे पाच-सात थेंबांचा रक्तस्रावही हलक्यात घेण्यासारखा नसतो. पशुवैद्य गरजेप्रमाणे भूल देऊन, रिंग दोन्ही बाजूंनी स्थिर धरून, दोन ठिकाणी कापतो.

दवाखान्यात जाण्यापूर्वी दूरध्वनीवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: तेथे पक्ष्यांवर उपचार होतात का, रिंग कापण्याचे साधन आहे का, आणि गॅसची भूल देण्याची सोय आहे का. पक्ष्याची जात, वजन आणि रिंग अ‍ॅल्युमिनियमची की स्टीलची हेही आधीच सांगावे, कारण स्टीलला वेगळे साधन लागते. गावात सोय झाली नाही, तर शिरवळच्या शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करावी.

जाईपर्यंत पक्ष्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, दांडी न लावता, तळाशी मऊ सुती कापड अंथरून, उबेत व अंधारात ठेवावे. कापडाचे दोरे सुटलेले नसावेत. पायाला तेल, तूप किंवा हळदीचा लेप लावू नये. तेल पिसांना लागले की ती अंगाची ऊब धरून ठेवत नाहीत, आणि रिंग तर त्याने निघत नाहीच.

कापलेली रिंग फेकू नये. तिचे दोन्ही तुकडे, कापण्यापूर्वी पायात असतानाचा फोटो आणि रिंग कोणत्या कारणाने व कोणत्या तारखेला काढली याचे पशुवैद्याच्या सहीचे पत्र, हे तिन्ही एका पाकिटात घालून वहीला जोडावे; नोंदणी केलेला पक्षी असेल, तर त्याच पत्राच्या आधारे पोर्टलवरील नोंद सुधारण्याची चौकशी करावी. जखमेच्या पायात पुन्हा रिंग घालू नये. पक्षी चिप पेलण्याएवढा मोठा असेल, तर पाय पूर्ण बरा झाल्यावर आणि वजन पूर्ववत झाल्यावर ती बसवून घ्यावी. लहान असेल, तर त्याला रिंगशिवाय राहू द्यावे आणि बऱ्या झालेल्या पायाचा नवा फोटो वहीत लावावा.